खरवडण्याआधी

सीओटू वेल्डिंगच्या टॉर्चला पुढे तांब्याची एक आखूड नळी असते, बोटापेक्षा जरा जाड. तिला नोझल म्हणतात. आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये सीट फ्रेम आणि ब्रॅकेटचं काम चालतं आणि ३५० ॲम्पियरच्या टॉर्चवर बहुतेक बूथमध्ये १६ मिलिमीटर भोकाचा नोझल लागतो. मशीन, वायर, गॅस, फिक्श्चर यांच्यावर बैठका होतात. नोझलवर कधी होत नाही. घाण झाला की साफ करायचा, पार गेला की स्टोअरमधून नवा आणायचा, एवढाच त्याचा विचार. मी आधी वेल्डर होतो, आता लाइन सांभाळतो. इतक्या वर्षांत माझं ठाम मत झालंय की वेल्डिंग बिघडायला लागलं की त्याची पहिली खबर नोझलच्या आत लागते, वेल्डवर ती नंतर दिसते. मात्र ती खबर हवी असेल तर नोझल साफ करण्याआधी त्यात बघावं लागतं. आणि नेमकं तेवढंच राहून जातं.

शॉपमधली पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. थोडे जॉब झाले, आर्कचा आवाज बदलला, की टॉर्च टेबलाच्या कडेवर दोनदा आपटायची. आतले छर्रे खाली पडतात, काम पुढे चालू. आयटीआयमधून नवीन आलेला मुलगा आठवड्याभरात हे उचलतो, कारण शेजारच्या बूथमध्ये तो हेच बघत असतो. अशा आपटण्यानं नोझलचं गोल तोंड चेपतं, आतला इन्सुलेटर तडकतो, डिफ्यूझर आट्यांत ढिला होतो. हे नुकसान निदान मोजता तरी येतं, स्टोअरच्या वहीत ते दिसतं. छऱ्यांबरोबर जो पुरावा जमिनीवर पडतो आणि झाडूबरोबर भंगारात जातो, त्याची नोंद कुठेच होत नाही.

छर्रे येतात कुठून, तेही बघू. आमच्याकडे १.२ मिलिमीटरची, तांब्याचा मुलामा दिलेली वायर चालते. कमी व्होल्टेजवर ही वायर सारखी पुढे सरकते, खालच्या वितळलेल्या धातूला टेकते, शॉर्ट होते, करंट एकदम चढतो, टोक तुटतं आणि आर्क पुन्हा पेटतो. हे सेकंदाला वीसपासून दोनशे वेळांपर्यंत घडतं. टोक तुटताना दर वेळी थोडी धातू उडते. शुद्ध सीओटूमध्ये करंट वाढवला तरी सुटका नाही, कारण या गॅसमध्ये वायरच्या टोकावरचा थेंब सरळ खाली उतरत नाही. तो फुगतो, बाजूला ढकलला जातो आणि वेडावाकडा सुटतो. सतत सरकणाऱ्या वायरने वेल्ड करायची ही पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत तयार झाली, तेव्हा ती ॲल्युमिनियमसाठी होती आणि तिला निष्क्रिय गॅस लागायचा. तो महाग. १९५३ मध्ये ल्युबाव्हस्की आणि नोव्होशिलोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी लोखंडासाठी कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला. गॅस स्वस्त झाला, वेल्ड खोल जायला लागला, आणि त्याबरोबर छऱ्यांचा हा त्रासही आला. आर्गॉनमध्ये २० टक्के सीओटू मिसळला की छर्रे खूप कमी होतात, पण मिक्स गॅसचा भाव आमच्यासारख्या शॉपला प्रत्येक जॉबवर परवडत नाही. म्हणून नोझल भरणार, हे गृहीत धरूनच आम्हाला काम करावं लागतं.

नोझलचं खरं काम गॅस पसरवण्याचं. मिनिटाला १५ लिटरच्या आसपास गॅस डिफ्यूझरच्या बारीक छिद्रांतून सगळ्या बाजूंनी सारखा बाहेर पडतो, नोझलमधून शांतपणे उतरतो आणि वितळलेल्या धातूवर पांघरूण घालतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. पांघरुणाला कुठे फट पडली की तो वितळलेल्या लोखंडात विरघळतो आणि लोखंड थिजताना बाहेर पडायला बघतो. ज्याला वाट मिळत नाही तो आत अडकतो. तेच आपलं ब्लो होल. वायरमध्ये मुद्दाम घातलेलं सिलिकॉन आणि मँगनीज ऑक्सिजनला धरून ठेवतं, म्हणून तर वेल्डवर ते काचेसारखे तपकिरी तुकडे दिसतात. नायट्रोजनला धरणारं मात्र त्या वायरमध्ये काही नसतं. त्याला बाहेर ठेवायला फक्त गॅस आहे.

नोझलच्या तोंडाशी छऱ्यांचं कडं जमलं की गॅस त्याच प्रमाणात येतो, पण वाट अरुंद होते. तो जोरात सुटतो, भोवरे करतो आणि आजूबाजूची हवा आत ओढतो. इथे शॉपमधला हमखास उपाय म्हणजे गॅस वाढवणे. रेग्युलेटरवर १५ होता, २५ करतात, आणखी वर नेतात. भोवरे आणखी वाढतात, भोकं आणखी पडतात, मग सिलिंडरवर शंका येते. सिलिंडर बदलला जातो. या सगळ्या धावपळीत नोझल काढून आत कोणी बघितलेलं नसतं.

एका पावसाळ्यात एका ब्रॅकेटवर अशीच भोकं यायला लागली. फिलेट वेल्ड, आडवा, साधारण चार इंच. भोकं फक्त शेवटच्या टप्प्यात, तीही उभ्या पट्टीच्या बाजूला. पावसाळा म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच, गॅसमध्ये पाणी. सिलिंडर बदलले, रेग्युलेटरचा हीटर तपासला, जॉबवरचं तेल पुसलं, शटर निम्मं खाली ओढलं. भोकं आपली तिथेच. मी दुसऱ्या पाळीतल्या वेल्डरला म्हटलं, “दादा, आज टॉर्च आपटायची नाही. जॉब बिघडायला लागला की थांबायचं आणि टॉर्च आहे तशी स्टँडला लटकवून मला हाक मारायची.” त्याला ते पटलं नव्हतं, पण त्याने तसंच केलं.

मशीन बंद करून नोझल काढला आणि उजेडात धरला. एका बाजूची आतली भिंत जवळजवळ स्वच्छ होती, तांबं दिसत होतं. समोरच्या बाजूला छऱ्यांचा अर्धचंद्र बसला होता, तोंडाशी जाड आणि आत जाता जाता पातळ. डिफ्यूझरची त्याच बाजूची छिद्रंही बुजली होती. म्हणजे गॅस एका बाजूनेच येत होता. सरळ धरलेल्या टॉर्चमध्ये छर्रे असे एका कुशीला बसत नाहीत. मग मी त्याला वेल्ड मारताना बघितलं. शेवटच्या इंचभर जागेत फिक्श्चरच्या क्लॅम्पचा दांडा टॉर्चच्या आड येत होता, म्हणून तो मनगट वळवून टॉर्च पार आडवी करत होता. क्लॅम्पची जागा आधीच्या दुरुस्तीत थोडी सरकली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वेल्डरचं शरीर त्याला आपोआप वळसा घालायला शिकलं होतं. क्लॅम्प उलटा फिरवून बसवला, टॉर्च सरळ राहायला लागली, भोकं थांबली. आपटून साफ केलेल्या नोझलमध्ये तो अर्धचंद्र मला कधीच सापडला नसता.

तेव्हापासून मी नवीन मुलांना आधी नोझल बघायला शिकवतो, पक्कड नंतर हातात देतो. बघायचं असतं ते असं. छर्रे बारीक, भुरभुरीत आणि गोल सगळीकडे सारखे असतील तर आर्क ठीक आहे. मोठे, चिकटून बसलेले दाणे तोंडाशीच असतील तर व्होल्टेज वायरच्या वेगाला कमी पडतंय, नाहीतर टॉर्च जॉबच्या फार जवळ धरली जातेय. २०० ॲम्पियरच्या आसपास आम्ही २३-२४ व्होल्ट ठेवतो आणि टिपेपासून जॉबपर्यंत १२ ते १५ मिलिमीटर. नोझलचं तांबं निळंजांभळं पडलं असेल तर तो तापतोय, म्हणजे बसण्याच्या जागी ढिला आहे किंवा त्या करंटला तो लहान पडतोय. आत काळी काजळी दिसली तर जॉबवर तेल आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम झालं की आत पिंजलेल्या कापसासारखी पांढरी पूड बसते. ते झिंक ऑक्साइड. ती पूड दिसली की नोझल बाजूला ठेवून मी आधी एक्झॉस्ट चालू आहे का ते बघतो, कारण जे नोझलमध्ये बसलंय तेच वेल्डरच्या छातीतही गेलेलं असतं आणि रात्री त्याला थंडीताप भरू शकतो. हे सगळं दहा सेकंदांत दिसतं. उजेड चांगला हवा, बस.

टिपेचंही तसंच. टिप तांब्याची, तिच्या भोकातून वायरला करंट मिळतो. वायर स्पूलवरून येताना वाक घेऊनच येते, त्यामुळे भोकाच्या एकाच कडेला घासते आणि गोल भोक लांबट होत जातं. मग वायर आत डुगडुगते, करंट कधी मिळतो कधी नाही, आर्क फडफडतो. टिपेच्या टोकाला वायर वितळून चिकटली तर पोरं ती कापून, घासून पुन्हा वापरतात. एकदा चालून जातं, पण लांबट झालेलं भोक घासून गोल होत नाही. टिपेच्या आसपास तांब्याचे बारीक कपटे दिसले तर टिपेला दोष देऊ नये. फीडरचे रोलर जास्त आवळले गेलेत आणि वायरचा मुलामा सोलला जातोय. तोच चुरा लायनरमध्ये, म्हणजे वायर ज्या नळीतून टॉर्चपर्यंत येते तिच्यात, साचतो आणि पुढे वायर अडते. स्पूल बदलताना टिप काढून लायनरमधून हवा मारली की तो बाहेर येतो. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि त्या नळीसमोर कोणी उभं नको.

एक धोका डोळ्यांना दिसायला उशीर लागतो. टिपेत करंट असतो, नोझलमध्ये नसतो, कारण मध्ये इन्सुलेटर आहे. छर्रे साचत साचत टिप आणि नोझल यांना जोडून टाकतात. मग नोझलही करंटचा होतो. तो जॉबला टेकला की तिथेच आर्क मारतो. चांगल्या पृष्ठभागावर खड्डा पडतो, नोझलचं तोंड जळतं, आणि वेल्डर दचकून हात ओढतो. नोझलच्या कडेवर अशी जळकी खाच दिसली की आत पूल बांधला गेलाय हे मी न उघडता सांगतो. उघडून बघतो ते इन्सुलेटर शाबूत आहे का यासाठी.

मग साफ करायचं. त्यासाठी नोझल पक्कड मिळते. तिचं नाक नोझलच्या आत घालून, पात्या उघडून गोल फिरवलं की छर्रे खरवडून निघतात. बाजारात आटेदार रीमरही आहेत. ट्रिगरवर बोट नको, मशीन बंद हवं, हातमोजा हवा. खरवडल्यावर डिफ्यूझरची छिद्रं एकेक करून उजेडासमोर धरून बघायची. नोझल जरा गरम असताना त्याचं फक्त तोंड, छर्रे चिकटू नयेत म्हणून, अँटी-स्पॅटर जेलमध्ये बुडवायचं आणि उलटं धरून थेंब पुसायचा. जास्त जेल म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत शॉपमध्ये फार घट्ट आहे. जेल आत गेलं की छिद्रं बुजतात, ते जळून धूर होतो आणि ज्या भोकांसाठी जेल लावलं तीच भोकं त्यातून येतात. जेल संपलं की ग्रीस लावतात, ते तर मी माझ्या लाइनवर बंदच केलंय. स्प्रे वापरायचा तर सिलिकॉन नसलेला. सिलिकॉनचा बारीकसा फवारा जॉबवर पडला तरी पुढे पेंट तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे डाग उठतात. पेंट शॉपवाले मग आमच्या नावाने शंख करतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

साफ केल्यावर गॅस नोझलच्या तोंडाशी मोजावा, हा माझा आग्रह आहे. त्यासाठी लहान रोटामीटर मिळतो, नोझलवर टेकवायचा, आतला गोळा वर चढतो. रेग्युलेटरवर १५ आणि तोंडाशी ९ असं दिसलं तर मधल्या पाइपात किंवा कनेक्टरच्या ओ-रिंगमध्ये गॅस गळतोय. सिलिंडरच्या घड्याळावर भरवसा ठेवून हे कळत नाही. सीओटू सिलिंडरमध्ये द्रव असतो, आणि द्रव संपत येईपर्यंत काटा जागचा फारसा हलत नाही.

खंडेनवमीला आम्ही मशीनला झेंडूची माळ घालतो, टॉर्चला हळदकुंकू लावतो. त्या दिवशी एकूण एक टॉर्च उघडून, पुसून, नवी टिप आणि नोझल घालून ठेवलेली असते. दसऱ्यानंतर पहिल्या पाळीला जो आर्क लागतो त्याचा आवाज ऐकावा, एकसारखा, तुटक न होणारा. मला दर वर्षी ते ऐकून आनंद होतो आणि रागही येतो. हाच आवाज एरवीही मिळू शकतो. फक्त त्या दिवशी त्यासाठी वेळ दिलेला असतो, एरवी दिलेला नसतो.

वेळेचा मुद्दा मला चाकणला स्पष्ट झाला. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात मी रोबोट वेल्डिंगची लाइन बघायला गेलो होतो. ठरलेले जॉब झाले की रोबोट आपणहून बाजूच्या स्टेशनवर जातो. तिथे नोझल पकडला जातो, खालून कटर फिरत वर येतो, छर्रे कापतो, हवा मारली जाते, अँटी-स्पॅटरचा फवारा बसतो, वायर ठरलेल्या लांबीला कापली जाते आणि हात परत जॉबवर. हा वेळ सायकल टाइममध्ये लिहिलेला आहे. त्यावर कोणी वाद घालत नाही, कारण साफ न करता रोबोट चालवला तर तो भोकं पाडत राहणार हे सगळ्यांना मान्य आहे. मग हाताने वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या सायकल टाइममध्ये नोझलसाठी एकही सेकंद का नाही? त्याने ती सफाई जॉब उचलता-ठेवताना, चहाच्या वेळेत, नाहीतर आपटून उरकायची, असं न लिहिता ठरलेलं असतं. आपटण्याची सवय आळसातून येत नाही. पक्कड घालायला लागणारा वेळ कोणी दिलेला नसतो म्हणून ती येते. दुसरं हे की रोबोटचा कटर काय कापतोय ते बघत नाही. माणूस बघू शकतो. बघू शकणाऱ्याला वेळ नाही आणि न बघणाऱ्याला आहे, ही व्यवस्था मला चुकीची वाटते, आणि मी ती आमच्या मॅनेजरसाहेबांसमोर तशीच मांडली.

पटायला वेळ लागला. रिवर्कच्या टेबलावर ग्राइंडर घेऊन बसलेल्या माणसांचे तास आणि परत वेल्ड मारण्याचे तास कागदावर मांडले, तेव्हा बोलणं पुढे गेलं. आता आमच्या लाइनच्या शीटवर ठरावीक जॉबनंतर ‘नोझल बघणे व साफ करणे’ अशी एक ओळ आहे, वेळेसकट. ‘बघणे’ हा शब्द मी हट्टाने पहिला घालून घेतला. प्रत्येक बूथला पक्कड साखळीने बांधलेली आहे, शेजारी एक दिवा आहे आणि एक तयार, साफ नोझल ठेवलेला असतो, म्हणजे गरम नोझल लगेच खरवडत बसावं लागत नाही. तो बदलायचा, थंड झाल्यावर बघायचा. स्टोअरमध्ये जुनी टिप दिल्याशिवाय नवी मिळत नाही, हा नियम आधीपासून होता. पूर्वी त्या जुन्या टिपा थेट भंगारात जायच्या. आता त्या बूथप्रमाणे वेगळ्या डब्यांत पडतात आणि मी फावल्या वेळात त्या भिंगाखाली बघतो. एका बूथच्या टिपा इतरांपेक्षा फार लवकर लांबट होतायत असं दिसलं, तेव्हा तिथल्या फीडरचा वायर गाइड झिजलेला निघाला. वेल्डरला तोवर रोज ‘टिपा फार खातोस’ म्हणून बोलणी बसत होती. ती थांबली, याचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

सगळीकडे हे बसलंय असं नाही. रात्रपाळीत अजून टेबलाच्या कडेवर आपटण्याचा आवाज येतो, विशेषतः डिस्पॅच अडलेला असेल तेव्हा. त्या पोरांवर ओरडून उपयोग नाही. त्या रात्री शीटवरचा वेळ त्यांना खरोखर मिळाला का, ते मी आधी विचारतो.

लवकरच आमच्याकडे ॲल्युमिनियमचं काम येतंय. तिथे गॅस शुद्ध आर्गॉन, लायनर टेफ्लॉनचा, रोलरची खाच इंग्रजी यूच्या आकाराची, आणि वायरमध्ये मॅग्नेशियम असलं की चांगल्या वेल्डच्या बाजूलाही काळी काजळी धरते. लोखंडावरचं माझं वाचन तिथे जसंच्या तसं चालणार नाही. काजळी कुठपर्यंत साधी आणि कुठून पुढे बिघाडाची, ते बघून बघूनच ठरवावं लागेल. म्हणून त्या लाइनवर जाणाऱ्या मुलांना आत्ताच सांगून ठेवलंय की पहिले काही आठवडे कुठलाही नोझल साफ करायचा नाही. काढायचा, त्यावर बूथ आणि जॉबचा नंबर लिहायचा आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायचा.